बेलपानी काठ

माझ्या पाठवणीचं लुगडं विणायला बाबांना जोडीदार मिळत नव्हता. ताणा मागावर चढला होता. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत बाबांनी स्वतः निवडून आणलं होतं. काठासाठी गडद लाल रंगवलेल्या लडी वळणीवर वाळून गेल्या होत्या. बाबा मागाच्या पाटावर उजव्या अंगाला एकटेच बसून फणी पुसत होते आणि त्यांच्या डाव्या हाताची जागा रिकामी होती.

एरवी ती जागा माझी. करवत काठाचं लुगडं एकट्याला विणता येत नाही. मधलं अंग कोशाचं, दोन्हीकडचे काठ लाल, म्हणून तीन धोटे एकाच वेळी चालवावे लागतात. एक विणकर अंग आणि आपल्याकडचा काठ सांभाळतो, दुसरा त्याच्या शेजारी बसून पलीकडचा. लाल धागा कोशाच्या धाग्यात अडकवत अडकवत करवतीचे दाते उमटतात. दोघांचे हात जुळले नाहीत तर एकीकडचे दाते टोकदार होतात आणि दुसरीकडचे बोथट. अशी जोडी जमायला वर्षं लागतात. वयात आल्यापासून मी बाबांच्या जोडीला बसत होते आणि आमचे हात बऱ्यापैकी जुळले होते.

पण आमच्या घरात एक रीत होती. मुलगी सासरी जाताना बापाच्या मागावरचं लुगडं नेसून जायची आणि त्या लुगड्याला तिनं स्वतः हात लावायचा नाही. माय या बाबतीत एकदम पक्की होती. उमरेडचं स्थळ ठरलं, तारीख निघाली, त्या दिवसापासून तिनं मला मागावर बसू दिलं नाही. धोट्यांच्या कांड्या भर, म्हणाली, तेवढं चालते.

तर मी दाराशी बसून कांड्या भरत होते आणि बाबा फणी पुसत होते. शेवटी मीच विचारलं, काठ कोणता धरणार आहात. बाबा म्हणाले, साधी करवत.

मी म्हणाले, मला बेलपानी पाहिजे.

बाबांनी वर पाहिलं नाही. फणी मात्र ते पुन्हा पहिल्यापासून पुसू लागले.

बेलपानी काठ हे लोकांनी दिलेलं नाव. करवतीच्या दात्यांच्या वर बारीक बारीक तीन काड्यांची नक्षी ओळीनं चाललेली असायची. कोणी म्हणे ते बेलाचं पान आहे, कोणी म्हणे महादेवाचा त्रिशूळ. वैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात विणकरांचे माग पुष्कळ होते, पण हा काठ फक्त आमच्या घरच्या मागावर निघायचा आणि तो विणणारी जोडी होती माझे बाबा पैकुजी निपाणे आणि आमच्या गल्लीतले डोमाजी हेडाऊ यांची. लहानपणापासूनचे मित्र. एका पाटावर मांडीला मांडी लावून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. दोघं विणायला बसले की धोट्यांचा आवाज एकाच माणसाच्या चालण्यासारखा यायचा.

मग नागपूरला हातमागाचं एक प्रदर्शन भरलं. बेलपानी काठाच्या लुगड्याला तिथं पहिलं बक्षीस मिळालं. माग आमच्या घरचा, म्हणून कागदावर नाव फक्त बाबांचं होतं. त्यांना मंचावर बोलावलं, शाल दिली आणि कोणीतरी विचारलं की ही नक्षी तुम्हाला कशी सुचली. बाबा बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘मनातून आली.’ डोमाजीकाका समोर खुर्चीवर बसले होते. जोडीदाराचं नाव बाबांनी घेतलं नाही.

परतीच्या गाडीत काका वेगळ्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते मागावर आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मग आपल्या घरी त्यांनी माग टाकला आणि बायकोला, भागरथाकाकूंना, जोडीला घेऊन साधे काठ विणायला लागले. गल्लीत चार लोकांजवळ ते एवढंच म्हणाले होते की पैकूच्या मनातल्या काठाला माझ्या हाताची गरज नाही. बाबांनी कधी उत्तर दिलं नाही. समजूत घालायला गेले नाहीत, भांडायलाही गेले नाहीत. पण तेव्हापासून त्यांनी बेलपानी काठ पुन्हा धरला नाही. व्यापारी येऊन मागत, बाबा नाही म्हणत. लोक म्हणायचे, बक्षीस डोक्यात गेलं.

माय म्हणाली, आता हा हट्ट कशाला. मी म्हणाले, हट्टच आहे. उमरेडच्या घरीही माग होते. तिथल्या बायका माझं लुगडं उलटंपालटं करून बघणार, हे मला माहीत होतं. पण खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. तो काठ विणला जायचा तेव्हा आमचं घर वेगळं होतं. काका सकाळीच यायचे, मायच्या हातचा चहा प्यायचे, माझी वेणी ओढायचे. त्यांची मुलगी सरजा माझ्याच वयाची. आम्ही दोघी त्या मागाच्या खड्ड्याशी खेळून मोठ्या होत होतो. सरजा लहानपणीच एका पावसाळ्यात तापानं गेली. त्यानंतर काकू तिचं नाव घेत नसत, म्हणून गल्लीत कोणीच घेत नसे. तिचे कपडे, तिची पाटी, सगळं काकांनी नदीत सोडलं होतं. पण ती गेल्यावरही काका आमच्या मागावर येत राहिले होते. भांडण झालं आणि तेही थांबलं.

बाबांना न सांगता मी डोमाजीकाकांच्या घरी गेले.

ते दोघं मागावर होते. मला बघून काकांनी धोटा थांबवला. काकूंनी उठून पाणी दिलं. काकांनी नवऱ्या मुलाची चौकशी केली, घर कसं आहे, माग किती आहेत, नदी जवळ आहे का. सगळं आपलेपणानं विचारलं. मला वाटलं, काम होणार. मी सांगितलं की मला बेलपानी काठ पाहिजे आणि बाबांच्या जोडीला तुम्ही बसलात तरच तो होईल.

काकांनी धोटा पुन्हा हातात घेतला. म्हणाले, ‘पोरी, तुह्या बापाच्या मनातला काठ तुह्या बापालेच विनू दे. तुह्या लग्नात मी येईन, अक्षता टाकीन. पन त्या पाटावर बसनार नाई.’

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघून काठाचा धागा सरळ करत होत्या. 

मी परत आले. कुठे गेले होते ते बाबांना न सांगता कळलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या गल्लीतल्या श्रावण परातेला बोलावलं. श्रावण चांगला विणकर. साधे काठ त्याच्या हातचे नीट निघत. बाबांनी त्याला तीन काड्यांची नक्षी समजावली आणि माझ्यासाठी पुन्हा एकदा तो काठ धरला. मी दाराशी बसून पाहत होते. बाबांकडची नक्षी जुन्यासारखी उमटत होती. श्रावणकडच्या तिन्ही काड्या सारख्या, सरळ, कोरड्या दिसत होत्या. बाबांनी त्याला पुन्हा सांगितलं, बोटं धरून दाखवलं. श्रावण म्हणाला, मामाजी, मी तुम्ही सांगता तसंच तर करून राहिलो. आणि ते खरं होतं, तो तसंच करत होता. वीतभर काठ झाल्यावर बाबांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं आणि विणलेलं सगळं उकलायला घेतलं.

माय चुलीशी होती. ती म्हणाली, आता तरी साधी करवत धरा, दिवस उरले नाहीत. मी म्हणाले, बेलपानी होत नसेल तर मला भंडाऱ्याच्या दुकानातलं आणा, काहीही चालेल. हे ऐकून माय चिडली. बापाचा माग असताना पोरगी दुकानाचं लुगडं नेसून जाणार, असं लोकांनी म्हणायचं काय, असं काहीबाही बोलली. बाबा खाली बघून लाल धागा उकलत होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, ‘बाबा, तो काठ तुमच्या एकट्याचा आहे काय?’

‘माह्या एकट्याचा कवाच नव्हता.’

‘मग हे काकाजींना जाऊन सांगा ना. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं.’

बाबांनी उकललेला धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, ‘सांगाचं म्हटलं तर एक नाव घ्यावं लागते. ते मी घेऊ शकलो नाई.’

मला काही समजलं नाही. कोणाचं नाव, असं मी विचारणार होते, तेवढ्यात बाबा उठले. धोतराला लागलेली सुताची तुसं झटकली, पायात वहाणा घातल्या आणि भर दुपारच्या उन्हात गल्लीतून चालायला लागले. मी मागोमाग गेले. माय दारात येऊन उभी राहिली, पण तिनं हाक मारली नाही.

हेडाऊंच्या अंगणात काकू सुपात लाखोरीची डाळ पाखडत होत्या. आतून मागाचा आवाज येत होता. काका एकटेच काहीतरी धागे जुळवत असावेत. बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. आत गेले नाहीत, बसले नाहीत. काकूंनी पदर सावरला आणि आत बघून ‘पैकूभाऊ आले जी,’ एवढं म्हणाल्या. आवाज थांबला. काका दारात आले.

दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. बाबांचं बोलणं मुळातच कमी. त्यांनी सुरुवात कशी करायची याचा विचार केलेला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

‘डोमा,’ ते म्हणाले, ‘तो काठ माह्या मनातला नाई.’

‘मग कोनाच्या मनातला?’

‘सरजाचा हाये.’

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. किती वर्षांनी ते नाव त्या अंगणात कोणी घेतलं होतं. काकांनी दाराच्या चौकटीला हात धरला. मला वाटलं ते बाबांना निघून जा म्हणतील. पण ते तसेच उभे राहिले आणि बाबा बोलत गेले.

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेनंतरचे दिवस होते, बाबा म्हणाले. नदीचं पाणी उतरून वाळू उघडी पडली होती. कोशाच्या लडी धुवायला ते दोघं वैनगंगेवर गेले होते आणि आम्हा दोघी पोरींना बैलगाडीत घालून सोबत नेलं होतं. जेवण झाल्यावर काका तोंडावर गमछा टाकून वाळूत झोपले. बाबा गुडघाभर पाण्यात लडी धूत होते. ओल्या वाळूवरून एक टिटवी चालत गेली होती आणि तिच्या पावलांची रांग उमटली होती. सरजानं ती रांग पाहिली. तिनं तीन बोटं एकत्र धरली आणि टिटवीच्या पावलांसारखी खूण वाळूत दाबली. मग दुसरी, मग तिसरी. टिटवी सरळ गेली होती, सरजा वळली. आपल्या झोपलेल्या बापाच्या चारी बाजूंनी तिनं पावलांचा काठ घातला, एका ओळीत, लुगड्याला असतो तसा. बाबा पाण्यातून बघत होते.

‘मी इतका चांगला काठ कवा पाहिला नव्हता,’ बाबा म्हणाले. ‘मले वाटलं तुले उठवावं अन् दाखवावं. तवाच गाडीवाल्यानं हाक मारली. तू हडबडून उठला, लडी उचलल्या अन् चालला. तू तो काठ पाहिलाच नाई. म्हटलं रस्त्यानं सांगू. रस्त्यानं दुसऱ्याच गोष्टी निघाल्या. मग म्हटलं, आता विनूनच दाखवू. अन् पावसाळ्यात ती गेली.’

बाबांनी कपाळावरचा घाम पुसला.

‘वरीस गेल्यावर मी तो मागावर घेतला. तू बाजूले बसून होता. तुले सांगाले तोंड उघडलं अन् तुह्याकडं पाहावलं नाई. तू इचारलं, पैकू, हे एक काडी आखूड काहून? मी म्हटलं, असू दे. ते तिचं बोट होतं, डोमा. करंगळीच्या बाजूचं. मंग लोकायनं बेलपान म्हटलं, तूबी म्हटलं. मले वाटलं, बरं झालं, निदान हा रोज विनते तरी. नागपूरले त्यायनं इचारलं तवा तिचं नाव माह्या व्हटावर आलं होतं. तू समोर बसला होता. एवढ्या लोकायत तुले रडवू काय? मी काहीबी बोलून गेलो. तुहं नाव घ्याचं राहिलं, ते माह्या ध्यानातच आलं नाई. मी तिच्याच विचारात होतो.’

एवढं बोलून बाबा दमले. मी त्यांच्या मागे उभी होते. मला तो दिवस आठवत होता, वाळू आठवत होती, सरजाची बोटं आठवत होती. पण त्या दिवसाचा आणि मागावरच्या नक्षीचा काही संबंध असेल, हे माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. लाल धाग्यात ती नक्षी इतकी बारीक व्हायची की मीही लोकांसारखंच तिला बेलपान समजत आले होते.

काका म्हणाले, ‘तिच्या बोटायचा काठ मीच विनत होतो. अन् मलेच ठाव नव्हतं.’

‘हो,’ बाबा म्हणाले.

‘मले सांगाचं होतं, पैकू.’

‘हो. सांगाचं होतं.’

काका आत निघून गेले. काकू सूप मांडीवर धरून बसून होत्या. त्या रडत नव्हत्या. डाळीकडे बघत होत्या, पण डाळ त्यांना दिसत नसावी. बाबा थोडा वेळ थांबले आणि परत फिरले. त्या दिवशी हेडाऊंच्या घरचा माग पुन्हा वाजला नाही. आमचाही नाही. मायला मी सगळं सांगितलं. ती डोळे पुसत म्हणाली, या माणसानं मलाही सांगितलं नाही. रात्री बाबा जेवले नाहीत. काका येतील असं आम्हाला कोणालाच वाटत नव्हतं. मी मनाशी ठरवलं की साधी करवत तर साधी करवत, आता या विषयावर बोलायचं नाही.

सकाळी मी सडा टाकत होते तेव्हा काका आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ आत गेले, खड्ड्यात पाय सोडले आणि पाटावर डाव्या अंगाला बसले. बाबा अजून तोंड धूत होते. ते ओल्या तोंडानंच येऊन उजवीकडे बसले. मायनं चहा ठेवला. दोघांनी चहा पिऊन कपबश्या बाजूला सारल्या आणि काका म्हणाले, ‘धोटा दे.’

मी दाराशी कांड्या भरायला बसले. दोघांचे हात सवयीचे होते, करवतीचे दाते दोन्हीकडे भराभर उठत होते. नक्षीची पहिली ओळ आली तसे काका थांबले. त्यांनी विचारलं, ‘आखूड काडी आतल्या अंगाले ना?’ बाबा म्हणाले, ‘आतल्या.’ काकांनी पहिलं पाऊल विणलं आणि त्यावरून बोट फिरवलं. दुसरं विणलं, पुन्हा बोट फिरवलं. पूर्वी ते इतके सावकाश कधीच विणत नसत. बाबा आपल्याकडचं पाऊल विणून हात मांडीवर ठेवून वाट पाहत.  दुपारपर्यंत वीतभरही काठ झाला नव्हता. पण दोन्हीकडची पावलं अशी जुळली होती की कोणती कोणाच्या हातची, हे सांगता आलं नसतं.

हळूहळू बोलणं सुरू झालं. आधी कामापुरतं, मग इकडचं तिकडचं. नागपूरचा विषय एकदाच निघाला. काका म्हणाले, ती शाल तरी दाखव, मी जवळून पाहिलीच नाही. मायनं पेटीतून काढून दिली. काकांनी ती हातात घेऊन उलटी करून पाहिली आणि म्हणाले, मिलची आहे. बाबा हसले. आपला राग कुठे गेला, हे कोणी कोणाला विचारलं नाही. मात्र एकदा काका स्वतःच म्हणाले की रोज बायको जोडीला बसायची, पण तिच्याशीही मला सरजाबद्दल बोलता आलं नाही. आम्ही दोघं फक्त धागे जोडत होतो.

काठ हातभर झाल्यावर काकू आल्या. हातात डाळीचे वडे झाकून आणले होते. भांडण झाल्यापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. मायनं पाट दिला, पण त्या माझ्याजवळ जमिनीवरच बसल्या. मागावरचं कापड तिथून दिसत होतं. त्यांनी ते नीट पाहिलं. मग मला हळूच विचारलं, ‘तूबी होती ना तिथं? त्या दिवशी?’

मी हो म्हणाले.

‘काय म्हणत होती ती?’

कापडामागचे धोटे थांबले. दोघंही ऐकत होते. मला काय सांगावं समजेना. इतक्या वर्षांनी मागच्या गोष्टी आठवायच्या, त्यातलं खरं किती आणि आपण नंतर लावलेलं किती, हे कळत नाही. पण एक गोष्ट मला अगदी स्पष्ट आठवत होती, ती मी सांगितली. चारी बाजूंनी पावलं झाली होती, फक्त काकांच्या पायाशी थोडी जागा मोकळी राहिली होती. मी म्हणाले, सरजा, इथं राहिलं, पूर्ण कर. मी स्वतःच तिथं बोटं दाबायला गेले तर तिनं माझा हात धरला.

‘म्हणाली, राहू दे. माहे बाबा उठले का त्यायले निघाले जागा पाहिजे ना.’

काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं त्या रडायला लागल्या आणि मी घाबरले. पण त्या हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसत होत्या.

‘ऐकलं काय जी?’ त्या काकांना म्हणाल्या. ‘तुमच्यासाठी दार ठेवलं होतं तिनं.’

काकांनी बाबांकडे पाहिलं. ‘अन् मी कुठून निघालो?’

‘आडवाच निघाला तू,’ बाबा म्हणाले. ‘सगळा काठ तुडवत.’

मग काकाही हसले. माय चुलीजवळून येऊन बघू लागली की यांना झालं काय. वडे तोपर्यंत थंड झाले होते, ते तसेच सगळ्यांनी खाल्ले. त्या दिवशी विणणं फारसं झालं नाही. काकू दिवे लागेपर्यंत बसल्या आणि सरजाबद्दल बोलत राहिल्या. तिला काय आवडायचं, ती कशी रुसायची, मागाच्या खड्ड्यात तिनं एकदा मांजरीची पिल्लं कशी लपवली होती. मला माहीत होतं तेवढं मी जोडत गेले. मधेच काका म्हणायचे, हे मला ठाऊक नव्हतं. काकू म्हणायच्या, तुम्ही घरी असायचे कुठे.

लुगडं वेळेत झालं. तारखेच्या आदल्या दिवशी ते मागावरून उतरलं तेव्हा बाबा, काका, माय आणि काकू अशा चौघांनी मिळून घडी घातली. ते नेसून मी उमरेडला गेले. तिथल्या बायकांनी काठ उलटापालटा करून पाहिला, विचारलं, हे कोणी विणलं. मी दोघांची नावं सांगितली. काकू पाठवणीला गावाच्या वेशीपर्यंत आल्या होत्या. सरजा गेल्यापासून त्या कोणाच्याही मुलीच्या लग्नाला गेल्या नव्हत्या, हे मला मायनं नंतर सांगितलं. बाबा आणि काका पुढेही एका पाटावर विणत राहिले. व्यापारी अजूनही बेलपानीच म्हणत. त्या दोघांनी नाव बदलायला लावलं नाही, पण आपसात ते ‘सरजाचा काठ’ म्हणू लागले.

दिवाळीनंतर मी मंडईसाठी माहेरी आले. लडी धुवायचे दिवस होते. सकाळी गाडी जुंपली तेव्हा काकू शिदोरी घेऊन आधीच गाडीत बसलेल्या दिसल्या. सरजा गेल्यानंतर त्या नदीवर आल्या नव्हत्या. म्हणाल्या, रत्ना, तूही चल, मला ती जागा दाखव.

आम्ही चौघं गेलो. पण वैनगंगेची वाळू दरसाल सरकते. पूर आला की एकीकडची वाहून जाते, दुसरीकडे नवीन पडते. जिथे बाबा पाण्यात उभे होते तिथे आता दगड उघडे पडले होते. बाबा म्हणाले, जरा वर असेल. काका म्हणाले, नाही, खाली, त्या कहूच्या झाडाच्या रेषेत. मी तिसरीकडेच बोट दाखवलं. काकू उन्हात उभ्या राहून आमचं ऐकत होत्या. दोघा म्हाताऱ्यांचा वाद संपेना, तशा त्या पुढे चालत गेल्या. ओली, सपाट, कोणाचं पाऊल न लागलेली एक जागा त्यांनी निवडली.

‘इथंच समजू,’ त्या म्हणाल्या आणि खाली बसून शिदोरीची गाठ सोडायला लागल्या.